बावन्न टक्के आणि आजोबांचा दाखला

मे महिन्याचा पहिला रविवार. शहापूर तालुक्यात हा टँकरचा हंगाम. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच टापूत, आणि इथल्या पाड्यांवर मात्र बायका-मुली हंड्यांची रांग लावून पाण्याची वाट बघत बसलेल्या. त्याच रविवारी दुपारी दोन वाजता देशभर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा सुरू होते. २०२३ साली ती ७ मे रोजी होती, २०२४ साली ५ मे रोजी, २०२५ साली ४ मे रोजी. डॉक्टर व्हायचं मनात घेतलेल्या आटगावकडच्या मुलीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पेपर आणि घरातल्या पाण्याची सर्वांत वाईट वेळ एकाच पंधरवड्यात येतात. ही गाठ कुणी मुद्दाम घातलेली नाही, पण ती सोसावी लागते ती तिलाच.

पेपर गावात नसतो. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव सोडलं की आटगाव. तिथून कल्याण चाळीसेक किलोमीटर, ठाणं साठेक. या मार्गावर लोकल शहरासारखी दर काही मिनिटांनी येत नाही. एक चुकली की सगळा दिवस कोलमडतो, आणि परीक्षा केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं ते पुन्हा कुणासाठी उघडत नाही. म्हणून मूल सकाळीच निघतं. हातात प्रवेशपत्र, फोटो आणि पारदर्शक बाटलीतलं पाणी. सोबत बाप, मामा नाहीतर मोठा भाऊ. केंद्राबाहेरच्या फूटपाथवर उन्हात बसून राहायचं, एवढंच त्याचं काम.

मग निकाल. २०२५ साली तर नीटच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मेला, बारावीचा निकाल लागला. गावात पहिला प्रश्न ठरलेला: “ग्रुपला किती पडले?” ग्रुप म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. उत्तर ‘बावन्न’ असं आलं की पुढचं बोलणंही ठरलेलं. मग नर्सिंगला घाला, डी.एड. करू दे, नाहीतर बी.ए.ला टाका. डॉक्टरकीचा विषय तिथेच मिटतो. वाईट याचं वाटतं की तो मिटवणारी समजूतच मुळात जुनी आहे.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश बारावीच्या ग्रुपच्या गुणांवर होत असत. एकेका गुणासाठी फेरमोजणीचे अर्ज पडत, आणि बावन्न टक्क्यांना खरोखरच कुणी उभं करत नसे. त्या काळात शिकलेले काका-मामा आजही तोच हिशेब सांगतात. पुढे राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये नीट आली. सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी १८ जुलैला रद्द केली आणि ११ एप्रिल २०१६ रोजी तो निकाल मागे घेतला. २०१६ मध्ये राज्यांना अध्यादेशाने एका वर्षाची सवड मिळाली. २०१७ पासून मात्र एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या टक्क्यांना कवडीचं वजन उरलेलं नाही.

बारावीचे टक्के आता फक्त उंबरठा आहेत. खुल्या प्रवर्गाला ग्रुपमध्ये पन्नास टक्के हवेत, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांना चाळीस, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना पंचेचाळीस. शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. उंबरठा ओलांडला की बावन्न टक्केवाला आणि ब्याण्णव टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात. दहावीचे टक्के तर कुणी विचारतही नाही. वयाची वरची मर्यादाही राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढून टाकली आहे, आणि नीट कितीदा द्यावी यालाही बंधन नाही. म्हणजे बावन्न टक्क्यांनी दार बंद होत नाही. दार कुठे अडतं, ते पुढे आहे.

नीट ७२० गुणांची. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला पन्नास ‘पर्सेंटाइल’ लागतात, राखीव प्रवर्गाला चाळीस. इथे भले भले फसतात, कारण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना गुणांप्रमाणे एका ओळीत उभं केलं आणि निम्मे लोक आपल्या मागे असले, की आपण पन्नास पर्सेंटाइलवर. त्यामुळे पात्रतेचा आकडा दरवर्षी हलतो. खुल्या प्रवर्गासाठी तो २०२२ साली ११७ होता, २०२३ साली १३७, २०२४ साली १६२ आणि २०२५ साली १४४. राखीव प्रवर्गासाठी याच चार वर्षांत ९३, १०७, १२७ आणि ११३. ७२० पैकी १४४ म्हणजे बरोबर वीस टक्के. वीस टक्क्यांना देश ‘पात्र’ म्हणतो, हे ऐकून आटगावच्या त्या काका-मामांना धक्काच बसेल.

पण पात्र होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. २०२५ साली बावीस लाखांवर मुलं बसली, साडेबारा लाखांच्या आसपास पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. दहा पात्र मुलांमागे जेमतेम एक जागा. सरकारी महाविद्यालयातली जागा १४४ गुणांना मिळत नाही. तिच्यासाठी त्याहून कितीतरी वर जावं लागतं, राखीव प्रवर्गातल्या मुलालाही.

मग शहापूर आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या मुलांचे गुण कमी का पडतात? उत्तर शोधायला अकरावीच्या पहिल्या आठवड्यात जावं लागतं. जिल्हा परिषदेच्या नाहीतर आश्रमशाळेच्या वर्गात दहावीपर्यंत मूल ‘पेशी’ शिकतं, ‘केंद्रक’ शिकतं, ‘तंतुकणिका’ आणि ‘हरितलवक’ शिकतं. आम्ल आणि आम्लारी यांतला फरक त्याला चोख सांगता येतो. प्रकाशाच्या अपवर्तनाची आकृती ते न चुकता काढतं. जूनमध्ये अकरावी सायन्सला गेलं की पुस्तकं इंग्रजीत. पेशीचा ‘सेल’ होतो, केंद्रकाचं ‘न्यूक्लियस’, तंतुकणिकेचं ‘मायटोकॉन्ड्रिया’, आम्लारीचा ‘बेस’. जे येत होतं तेही येईनासं होतं. फळ्यावर सर प्रश्न विचारतात, उत्तर डोक्यात मराठीत तयार असतं आणि हात वर जात नाही. ज्या वर्षात शहरातलं मूल क्लासमध्ये पुढचा धडा संपवत असतं, त्या वर्षात हे मूल शब्दांचीच ओळख करून घेत असतं. बारावीचे बावन्न टक्के या वर्षाची पावती असतात.

नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतही मिळतो, आता एकूण तेरा भाषांत मिळतो. कागदावर ही मोठीच सोय. पण अकरावी-बारावीची दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांशी झगडून काढल्यावर ऐन परीक्षेत मराठी पेपर घेऊन करायचं काय? मधली दोन वर्षं मराठीत नसतील, तर शेवटच्या तीन तासांची मराठी कुणाच्याच उपयोगाची नाही. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची अकरावी-बारावीची दर्जेदार द्विभाषी पुस्तकं, एका पानावर मराठी आणि समोर इंग्रजी, एवढी एक गोष्ट झाली तरी इथल्या मुलांचं अर्धं ओझं उतरेल. त्यासाठी कायदा लागत नाही, न्यायालय लागत नाही. हे अजून झालेलं नाही, याची खंत वाटते.

कातकरी वाड्यांवर अडचण याच्याही अलीकडे सुरू होते. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. मागे आजीजवळ नाहीतर वसतिगृहात मूल राहिलं तर शाळा टिकते, नाहीतर शाळेचं वर्ष अर्धं होतं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत घेतल्या आहेत. वैद्यकीय प्रवेशात अनुसूचित जमातींना राज्यात सात टक्के जागा आहेत. त्या सातांत कातकऱ्यांचा वेगळा वाटा नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींत उपवर्गीकरण करायला राज्यांना मोकळीक दिली आहे, पण जी जमात अजून बारावी सायन्सच्या वर्गातच मोजकी दिसते, तिच्यापर्यंत हा प्रश्न पोचायलाही वेळ लागेल.

आता जागांचा हिशेब. सरकारी महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, पंच्याऐंशी टक्के राज्याकडे राहतात. या जागा राज्याचा सीईटी कक्ष ‘कॅप’, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून भरतो. पूर्वी सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांसाठी ठेवण्याचं ७०:३० चं सूत्र होतं, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. फेरीच्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो, आणि चांगले गुण असूनही जागा हातची जाते ती बरेचदा इथेच. एखादं मूल मुंबई-पुण्याची चार-पाच नावं भरून थांबतं. गडचिरोली, वाशीम, हिंगोली भरायची राहतात. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी महाविद्यालयं सुरू झाली, नऊशे जागा वाढल्या. त्यातलं एक अंबरनाथला, म्हणजे आटगावच्या मुलाला कल्याणला गाडी बदलून जाता येईल इतकं जवळ. यादी लांब भरायला पैसे पडत नाहीत. हे सांगणारं कुणीतरी वेळेवर भेटावं लागतं, इतकंच.

आणि मग कागद. शहापूर-मुरबाडमध्ये गुणांच्याही आधी बोलायला हवं ते कागदांबद्दल.

ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली ही इथली मंडळी. अनुसूचित जमातीच्या जागेवर बसायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता लागते, म्हणजे तपासणी समितीने तो दाखला खरा असल्याचं दिलेलं प्रमाणपत्र. कोकण विभागाची समिती ठाण्यात आहे. या वैधतेच्या पद्धतीला आजचं रूप आलं तेच एका वैद्यकीय प्रवेशाच्या भांडणातून. महादेव कोळी असल्याचं सांगून वैद्यकीय शिक्षणात आलेल्या दोन बहिणींचा दावा तपासणीत टिकला नाही, आणि त्या खटल्यात, माधुरी पाटील खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी तपासणी समित्या कशा असाव्यात आणि त्यांनी काम कसं करावं याची कलमवार चौकट घालून दिली. राज्याने पुढे कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे. महादेव कोळ्यांच्या नावावरची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून हे दार बसवलं गेलं. ते बसवायला हवंच होतं. पण आज त्या दारात खऱ्या महादेव कोळ्याच्या पोरालाही तितकंच तिष्ठत उभं राहावं लागतं.

दुसरा खटला मिलिंद या नावाने कायद्याच्या पुस्तकांत गेला. १९८५-८६ साली एका विद्यार्थ्याला हलबा जमातीचा म्हणून एमबीबीएसला प्रवेश मिळाला होता. वाद न्यायालयांतून वर चढत गेला आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी घटनापीठाने सांगितलं की हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत. मात्र तोवर पंधरा वर्षं उलटली होती, विद्यार्थी डॉक्टर झाला होता, त्याच्या शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झाला होता. न्यायालयाने त्याची पदवी काढून घेतली नाही. या दिलाशाचा हवाला पुढे अनेकांनी दिला. अखेर ६ जुलै २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खोट्या दाव्यावर मिळालेला लाभ टिकणार नाही.

तिसरा निकाल थेट आटगावच्या दारातला. ठाकूर आणि ठाकर, का ठाकूर आणि मा ठाकूर, अशी ही नावं राज्याच्या जमातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत. पण ठाकूर हे आडनाव बिगर आदिवासींतही सापडतं, त्यामुळे तपासणीत संशयाची सुई कायम ठाकरांकडे वळते. समिती ‘आप्तभाव’ तपासते: बोली कोणती, कुलदैवत कोणतं, लग्नात काय विधी होतात, मेल्यावर काय करतात. आता ज्या मुलाचं बालपण आश्रमशाळेच्या वसतिगृहात गेलं, बाप आसनगावच्या कारखान्यात आणि आई घरकामाला, त्याला आजोबांच्या लग्नातली गाणी कुठून यायची? २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. सगळे पुरावे एकत्र बघा, आणि १९५० च्या आधीच्या कागदांना मोठं वजन द्या. ज्यांच्याकडे तसे कागद आहेत, त्यांच्यासाठी हा निकाल सोन्याचा आहे.

कमी गुणांवर डॉक्टर होण्याचा विषय निघाला की बोट लगेच राखीव जागांकडे जातं. पण कमी गुणांचा एक रस्ता पैशाचाही आहे, आणि त्याच्याकडे बोट क्वचितच जातं. अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर असते. पात्रतेची रेषा १४४ वर असली की त्या रेषेच्या जरा वर असलेलं, पण घरात कोटभर रुपये असलेलं मूल डॉक्टर होतं. त्याच्याहून दोनशे गुण जास्त मिळवलेलं, पण पैसे नसलेलं मूल घरी बसतं. कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. अधिकृत फीच इतकी वाढली की वेगळ्या देणगीची गरज उरली नाही. पदव्युत्तर प्रवेशात तर सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेची रेषा सरसकट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. त्या दिवशी गुणवत्तेचा बळी गेल्याची ओरड करणारे आवाज फारसे चढले नाहीत. ठाकराच्या पोरीच्या गुणांवर मात्र ते चढतात, हे मनाला लागतं.

आत गेल्यावर काय होतं, हे कुणी विचारत नाही. एमबीबीएसची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, प्रवर्ग नसतो, क्रमांक असतो. उत्तीर्ण व्हायला सगळ्यांना पन्नास टक्केच लागतात. पहिल्या वर्षाला चारपेक्षा जास्त संधी नाहीत, आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. आत जायला सवलत आहे, बाहेर पडायला नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस वैद्यकीय महाविद्यालयाने १९६८ ते १९८७ या वीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांचा माग काढला होता. त्यातले साधारण एक पंचमांश गुणांत सवलत देऊन घेतलेले. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सवलतीने आलेल्यांपैकी ९४ टक्के पदवीधर झाले, इतरांपैकी ९८ टक्के. पहिल्या वर्षांत गुणांचा फरक दिसला. पुढचं प्रशिक्षण आणि व्यवसाय यांत दोघांचे मार्ग जवळपास सारखेच निघाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ पासून साध्या सरकारी शाळांतल्या, कमी श्रेणी मिळालेल्या मुलांसाठी सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. वर्ष एकच जास्त, पण सुरुवातीचा अभ्यास संथ गतीने आणि शिक्षक पाठीशी उभे. आपल्याकडे आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात शरीररचनाशास्त्राच्या हजार पानी इंग्रजी ग्रंथापुढे बसवतात आणि तो अडखळला की म्हणतात, बघा.

हे ‘बघा’ किती जिव्हारी लागू शकतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. एमबीबीएस होऊन, रुग्ण तपासून ती तिथवर पोचली होती. त्यानंतरही तिची पदवी नाही, तर तिचा कोटा बघितला गेला, हे त्या आरोपांचं सार होतं.

निवडीचे वेगळे मार्ग महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. आटगावहून ज्या गाडीने मुलं परीक्षेला जातात त्याच मार्गावर कल्याण आहे. आनंदीबाई जोशींचा जन्म तिथला, १८६५ चा. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला तेव्हा त्यांच्याकडे कुठल्या परीक्षेचं गुणपत्रक नव्हतं, होतं ते त्यांनी स्वतः लिहिलेलं पत्र. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत अगदी अलीकडेपर्यंत गांधीविचारांचा पेपर असे. खेड्यात राहायची तयारी असलेली मुलं शोधायची, हा त्यामागचा हेतू. नीट आली आणि तो पेपर गेला. जपानमध्ये १९७२ पासून जिची वैद्यकीय विद्यापीठ प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडतं, त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलतं आणि बदल्यात साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा मागतं. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा बाजूला काढल्या. महाराष्ट्रातही जिल्हा परिषद आणि आश्रमशाळांच्या मुलांसाठी असं काही व्हायला हवं. ग्रामीण भागात डॉक्टर टिकत नाहीत ही तक्रार जुनी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते आहे की तिथे टिकतो तो तिथूनच आलेला डॉक्टर.

सरकारची वाट न बघता काही तरुणांनी काम सुरू केलं आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ उभं केलं. एमबीबीएसचे विद्यार्थीच गरीब मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवतात. मेळघाट आणि गडचिरोलीच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘उलगुलान’ नावाने वेगळी तुकडी काढली आणि त्यातून मुलं एमबीबीएसला लागली. नुकतीच नीट दिलेला शिक्षक आणि नीट देणारा विद्यार्थी यांच्यात चार-पाच वर्षांचंच अंतर असतं. कोणता शब्द अडतो, कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हे त्याला ताजं आठवत असतं. ठाणे जिल्ह्यात कळव्याला महापालिकेचं महाविद्यालय आहे, आता अंबरनाथलाही आहे. तिथल्या मुलांना शहापूर लांब नाही.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट घरोघर माहीत व्हायला हवी. कॅपमधून सरकारी किंवा खासगी महाविद्यालयात जागा मिळाली आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याची फी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतून भरली जाते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी आदिवासी विकास विभागाची ‘स्वयंम’ योजना आहे, तिचं काम शहापूरच्या प्रकल्प कार्यालयातून चालतं. पैसा नाही म्हणून फेरीलाच न बसलेली मुलं या तालुक्यांत आहेत. त्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं.

परदेशाचा रस्ता दाखवणारे दलाल मात्र बरोबर दारात येतात. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान. जमीन विकून पाठवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. तिकडे जायलाही नीटची पात्रता असावी लागते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, शिवाय तिथेच वर्षभराची आंतरवासिता हवी. आणि परत आल्यावर ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात अशी जी परीक्षा असते, तिच्यात अलीकडे बहुतेक वेळा पाचांतला एखाद-दुसराच पास होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून हजारो मुलं शिक्षण अर्धवट टाकून परतली, ते दिवस फार जुने नाहीत.

नीटच्या त्याच गुणांवर बीएएमएसही होता येतं, आणि या भागात बीएएमएस डॉक्टरला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. पावसाळ्यात वाट तुटलेल्या पाड्यांवर जाणाऱ्या भरारी पथकांत वर्षानुवर्षं हेच डॉक्टर आहेत. गरोदर बाईचं वजन, बाळाचा दंडघेर, तापाची गोळी, हे सगळं झोळीत घेऊन ते चिखलातून चालत जातात.

जून-जुलैमध्ये शहापुरात झेरॉक्सच्या दुकानांवर गर्दी असते. प्लास्टिकच्या पिशवीत दहावीचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. ज्या मुलांनी अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज टाकला होता, ती आता निवांत असतात. बाकीच्यांचे वडील तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाबाहेर. आजोबा कधी शाळेत गेलेच नाहीत, तर शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव कसं सापडणार? मग गाव नमुना चौदा, जुनं कोतवाल बुक काढायचं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, मोडीतल्या. पान पिवळं, कडा झडलेल्या. घरात कुणालाच मोडी येत नाही, म्हणून मोडी वाचणाऱ्याला शोधून, पैसे देऊन त्याच्याकडून देवनागरीत उतरवून घ्यायचं. तो बोट फिरवत एकेक ओळ वाचत जातो: गाव, बापाचं नाव, मूल झाल्याची तारीख, आणि पुढच्या रकान्यात जात. बाप त्याच्या बोटाकडे बघत उभा असतो. बाहेर बाकावर बसलेली मुलगी मोबाइलवर पसंतीक्रमाच्या यादीत एकेक नाव वाढवत असते: कळवा, अंबरनाथ, नाशिक, जालना, वाशीम, हिंगोली, गडचिरोली.